करंट कुठून येतो ते आधी सांगा

सोर्सिंग आणि सिंकिंग हे दोन शब्द नांदेड-लातूर भागातल्या कितीतरी पोरांनी परीक्षेच्या पेपरात लिहिले असतील. त्यांचा अर्थ मात्र त्यातल्या फार थोड्यांना कुणी नीट सांगितला असेल. माझं म्हणणं सरळ आहे. दोष पोरांचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. आणि हा दोष आता परीक्षेतल्या दोन मार्कांपुरता राहिलेला नाही, तो यंत्रात हात घालणाऱ्या माणसाच्या बोटांपर्यंत येऊन पोचला आहे.

आता तुम्ही म्हणाल, "मास्तर, तुम्ही मराठी माध्यमातून बी.ए. झालेले, जन्म गेला व्याकरण आणि इतिहास शिकवण्यात. तुमचा आणि पीएलसीचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. पण माझे सगळे विद्यार्थी काही डॉक्टर झाले नाहीत. 'लातूर पॅटर्न'चं नाव झालं, आमच्याकडची पोरं गुणवत्ता यादीत झळकली, त्याचा मला आनंदच आहे. पण वर्गात साठ पोरं असली तर मेडिकलला जाणारी दोन-चारच. बाकीच्यांतले बरेच आयटीआयला गेले. तेच आज डाळ मिलमध्ये, सोयाबीनच्या प्लँटमध्ये, जिनिंगमध्ये, साखर कारखान्यात पॅनेलसमोर उभे असतात. निवृत्तीनंतर त्यातले काहीजण अधूनमधून घरी येतात, सोबत यंत्राचं मॅन्युअल आणतात आणि म्हणतात, "सर, ह्या शब्दाचा अर्थ काय?" शब्दाचा अर्थ विचारल्यावर मास्तराला गप्प बसवत नाही. जे थोडंफार कळलं ते मी वाचून आणि ह्याच पोरांच्या पॅनेलसमोर बसून शिकलो.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पीएलसी म्हणजे यंत्राचा मुकादम. यंत्रावरचे सेन्सर आणि बटणं त्याला बातम्या देतात, ते इनपुट. तो मोटारीच्या कॉन्टॅक्टरला, वाऱ्याच्या व्हॉल्व्हला हुकूम देतो, ते आउटपुट. बातमी असो की हुकूम, साधारणपणे २४ व्होल्ट डीसीचा करंट वाहिला की 'हो', नाही वाहिला की 'नाही'. सगळा कारभार ह्या दोन शब्दांवर चालतो.

आता सोर्सिंग आणि सिंकिंग. सोर्स म्हणजे उगम, आपला आड. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि सिंक म्हणजे मोरी, जिथं पाणी शेवटी जातं. छपरावर पाण्याची टाकी आहे असं समजा, ती प्लस. खाली मोरी आहे, ती मायनस, म्हणजे ज्याला पोरं 'झिरो' म्हणतात तो. टाकीपासून मोरीपर्यंत एक पाइप, आणि त्या पाइपात मध्येच एक छोटी पाणचक्की. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की ज्यांनी पाहिली असेल त्यांना चित्र लगेच दिसेल. ही पाणचक्की म्हणजे आपला व्हॉल्व्ह किंवा रिलेची कॉइल.

पाणी अडवायला तोटी लागणार. ती बसवायला जागा दोनच. एक तर टाकी आणि चक्कीच्या मध्ये, म्हणजे तोटी सोडली की पाणी चक्कीला मिळतं. हे सोर्सिंग आउटपुट, पीएनपी. दुसरी जागा चक्की आणि मोरीच्या मध्ये. तिथं चक्कीपर्यंत पाणी कायम भरलेलं असतं, तोटी सोडली की ते मोरीत उतरतं आणि उतरता उतरता चक्की फिरवतं. हे सिंकिंग आउटपुट, एनपीएन. झालं! एवढंच आहे ते. पाचवीतल्या पोराला कळेल. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या पोराला पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे शिकवावं लागत नाही हो.

इनपुटलाही हाच न्याय. सेन्सर आणि पीएलसीचं इनपुट ही जोडी आहे. एकानं करंट द्यायचा, दुसऱ्यानं घ्यायचा. सेन्सर देणारा असेल तर इनपुट घेणारं हवं, म्हणजे त्याचा कॉमन मायनसला. सेन्सर घेणारा असेल तर इनपुट देणारं हवं, म्हणजे कॉमन प्लसला. दोघंही देणारे किंवा दोघंही घेणारे असले तर व्यवहारच होत नाही.

आणि प्रत्यक्षात शिकवलं काय जातं? "तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल." घोका आणि ओका! ओळ खोटी नाही, तीन वायरच्या सेन्सरचे रंग तेच असतात. पण गंमत अशी की पीएनपी सेन्सरचेही रंग तेच आणि एनपीएनचेही तेच. काळी वायर दोन्हीकडे काळीच. एकीत ती प्लस देते, दुसरीत मायनस देते. म्हणजे जो फरक कळायला हवा नेमका तोच ह्या पाठांतरात नाही.

त्याचा परिणाम मी पाहिला आहे. तुरीचा हंगाम, मिल रात्रंदिवस चालू. एक सेन्सर गेला. दुकानातून तसाच दिसणारा आणला, रंगाला रंग जोडला. सेन्सरपुढे लोखंड धरलं की सेन्सरचा दिवा लागतो, पण पीएलसीवरचा दिवा काही लागत नाही. पोरानं दुसरा सेन्सर आणला, मग तिसरा. शेवटी निदान काय, तर पीएलसी खराब! पुण्याहून माणूस बोलावला. तो दुसऱ्या दिवशी आला, सेन्सरवरची अक्षरं वाचली, पीएनपीच्या जागी एनपीएन बसवला होता हे सांगितलं, आणि बिल देऊन गेला. पोरगा तिथंच उभा होता. त्याला वाटलं आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून हे झालं.

नाही बाळा, इंग्रजीचा ह्यात काडीचा संबंध नाही. उलट ह्या विषयात नुसत्या इंग्रजीवर विसंबणारा जास्त फसतो. मित्सुबिशीच्या पुस्तकात ज्याला 'सिंक इनपुट' म्हणतात, त्यात करंट इनपुटच्या टर्मिनलमधून बाहेर पडतो आणि एनपीएन सेन्सरमध्ये जातो. अ‍ॅलन-ब्रॅडलीच्या पुस्तकात 'सिंकिंग इनपुट' म्हणजे करंट इनपुटच्या आत शिरतो आणि सेन्सर पीएनपी लागतो. शब्द तोच, अर्थ बरोबर उलटा! एकानं नाव जोडणीच्या पद्धतीवरून ठेवलं, दुसऱ्यानं पीएलसीच्या वागण्यावरून. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण ज्यानं व्याख्या पाठ केली तो एका यंत्रावर पास होईल आणि दुसऱ्यावर नापास. ज्याला करंटची दिशा कळली तो दोन्हीकडे पास.

वर्कशॉपमधल्या अनुभवी मिस्त्रींनी हा गुंता कधीच सोडवलेला आहे. ते म्हणतात, "पीएनपी प्लस देतं, एनपीएन मायनस देतं." बस. पेटीचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही, वायरवर काय येतं ते सांगितलं. भाषेचा मास्तर म्हणून सांगतो, ह्यापेक्षा नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. पण ही व्याख्या परीक्षेत लिहिली तर मार्क मिळतील का? मला शंका आहे.

आता बोटांची गोष्ट. लातूरकडच्या एका मिलमधली ही हकीगत तिथं काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं सांगितली. पोत्यात माल भरायचं यंत्र. पोतं तोंडाशी लागलं की सेन्सर बातमी देतो आणि चिमटा पोत्याचं तोंड आवळतो. सेन्सर एनपीएन. यंत्र थरथरून थरथरून काळ्या वायरचं आवरण घासलं आणि आतली तार लोखंडी सांगाड्याला टेकली. सांगाडा अर्थला, २४ व्होल्टचा झिरोही अर्थला. म्हणजे वायरवर मायनस आला. पीएलसीला वाटलं पोतं लागलं. पोतं नव्हतं, माणसाचा हात होता. चिमटा मिटला. नख गेलं, बोट वाचलं. दुसऱ्या दिवशी यंत्राला लिंबू-मिरची बांधली गेली. कारण "कुणी बटण दाबलं नाही, पोतं लावलं नाही, तरी चाललं" ह्याचा उलगडा तिथं कुणालाच करता आला नाही.

आपल्या पाणचक्कीकडे पुन्हा बघा, उलगडा होईल. तोटी चक्कीच्या खाली असेल आणि मधला पाइप फुटला, तर तोटी बंद असूनही पाणी जमिनीत जाणार आणि जाता जाता चक्की फिरवणार. तोटी चक्कीच्या वर असेल आणि मधला पाइप फुटला, तर बंद तोटीतून काहीच येत नाही. तोटी सोडली तरी पाणी वाटेतच सांडतं, चक्की फिरत नाही. विजेच्या भाषेत फ्यूज जातो किंवा सेन्सरचं संरक्षण करंट तोडतं, आणि यंत्र थांबतं. पीएनपी असतं तर त्या दिवशी पीएलसीला 'पोतं नाही' अशीच बातमी गेली असती.

यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचं आयईसी ६०२०४-१ हे आंतरराष्ट्रीय मानक नेमकं हेच मागतं. कंट्रोल सर्किटमधली वायर अर्थला टेकली तर त्यामुळे यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. त्यावरचा एक सरळ उपाय म्हणजे झिरो अर्थला पक्का जोडायचा आणि स्विच प्लसच्या बाजूला ठेवायचा. स्टॉपचं बटण आपण नॉर्मली क्लोज्ड का घेतो? वायर तुटली तर यंत्र थांबावं म्हणून. हे सगळ्या पोरांना माहीत असतं. तुटलं तर थांबावं, तसंच घासलं तरी थांबावं, हे त्याचंच दुसरं अर्ध. ते कुणी सांगत नाही.

म्हणून एनपीएन वाईट असं मी म्हणत नाही. जपानी वळणाची कितीतरी यंत्रं एनपीएनवर वर्षानुवर्षं चालली आहेत. आणि पीएनपी लावलं म्हणजे गार्ड नको, इमर्जन्सी स्टॉपची स्वतंत्र जोडणी नको, असंही नाही. त्या गोष्टी पाहिजेतच. झिरो अर्थला जोडलेलाच नसेल तर हिशेब आणखी बदलतो. पहिला बिघाड लपून राहतो आणि दुसरा झाल्यावर दोन्ही मिळून घात करतात. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या यंत्रात तोटी चक्कीच्या वर आहे की खाली, हे तिथं काम करणाऱ्याला माहीत हवं. त्याचा तो हक्क आहे.

ह्यावर दोन बाजूंनी दोन उत्तरं येतात. दोन्ही मला मान्य नाहीत.

पहिली बाजू म्हणते, तांत्रिक विषय मराठीत होतच नाहीत. अहो, आपण कुठल्या मुलखात राहतो? १९४८ पर्यंत नांदेड काय आणि लातूर काय, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथं १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि त्यानं उच्च शिक्षण उर्दूतून दिलं, अगदी विज्ञान आणि वैद्यकसुद्धा. पुस्तकं हवीत म्हणून आधी भाषांतराचं खातं काढलं. ती उर्दू आमच्या वाडवडिलांची घरची भाषा नव्हती, त्यांना तिचा जाच झाला, हे खरंच आहे. पण हिंदुस्थानी भाषेत अवघड विषय शिकवता येत नाहीत, हे निदान मराठवाड्यातल्या माणसानं तरी म्हणू नये.

दुसरी बाजू मराठीच्या अभिमान्यांची. मी त्यांच्यातलाच, म्हणून जरा जास्त बोलतो. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण मराठीतून शिकवणं म्हणजे काय? "सिंकिंग इनपुटमध्ये करंट सिंक केला जातो" हे वाक्य मराठी आहे का? क्रियापद मराठी आहे, अर्थ शून्य आहे. उद्या कुणी 'स्रोतकारी निर्गम' आणि 'निमज्जनकारी आगम' असे शब्द पाडले तर पोरगा इंग्रजीच्या विहिरीतून निघून संस्कृतच्या विहिरीत पडेल, एवढाच फरक. सेन्सर, वायर, कॉमन, पीएलसी हे शब्द आता आपले झाले आहेत, राहू द्या त्यांना. नावं बदलायची गरज नाही, समजावून सांगायची गरज आहे.

आणि हे मी मराठीच्या प्रेमापोटीच बोलतो असंही समजू नका. पीएलसीचा जन्मच ह्या विचारातून झाला आहे. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेली पॅनेलं नकोशी झाली होती. गाडीचं मॉडेल बदललं की सगळी वायरिंग उपसावी लागे. डिक मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जे यंत्र केलं त्याचं नाव मोडिकॉन ०८४, कारण तो त्यांच्या कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. आता त्यात प्रोग्रॅम कसा लिहायचा? संगणकाची भाषा कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला कुठून येणार? म्हणून शिडीसारखी दिसणारी लॅडर आकृती घेतली गेली. इलेक्ट्रिशियन रिलेच्या ज्या आकृत्या रोज वाचत होता, तीच पद्धत. मंडळी, लक्षात घ्या! तिथं यंत्राला कामगाराची भाषा शिकवली. आपण कामगाराला म्हणतो, तूच यंत्राची भाषा पाठ कर, अर्थ विचारू नकोस.

"पण पोरांना उद्या पुण्याला, परदेशात जायचं आहे, तिथं इंग्रजीच लागेल" असं मला एका प्राध्यापकमित्रानं ऐकवलं. लागेल ना, शिकू द्या. ज्याला करंटची दिशा मराठीत कळली त्याला 'सोर्सिंग' हा शब्द शिकायला एक मिनिट लागतं. ज्यानं शब्द पाठ केला त्याला दिशा कळायला कधीकधी अख्खी नोकरी पुरत नाही.

नुसती तक्रार करून थांबणं मास्तराला शोभत नाही, म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एकीलाही मोठा खर्च नाही.

पहिली, प्रश्न बदला. "सोर्सिंग व सिंकिंगची व्याख्या लिहा" हा प्रश्न बंद करा. पोरासमोर अक्षरं पुसलेला सेन्सर ठेवा, २४ व्होल्टचा सप्लाय आणि एक छोटा २४ व्होल्टचा रिले द्या आणि म्हणा, ओळख. तपकिरी प्लसला, निळी मायनसला जोडायची. रिले काळी आणि निळीच्या मध्ये लावायचा आणि सेन्सरपुढे लोखंड धरायचं. रिले ओढला तर पीएनपी. नाही ओढला तर तोच रिले तपकिरी आणि काळीच्या मध्ये लावून बघायचा, तिथं ओढला तर एनपीएन. पाच मिनिटांची परीक्षा, जन्मभर विसरणार नाही.

दुसरी, आकृतीत बाण काढा. फळ्यावर पीएलसीची जोडणी काढणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं प्लसपासून निघून मायनसपर्यंत जाणारा बाण रंगीत खडूनं काढावा. तो कुठंही न तुटता पोचला पाहिजे. पोचत नसेल तर जोडणी चूक. इलेक्ट्रॉन उलटे वाहतात हा मुद्दा त्याच दिवशी काढून पोरांना गोंधळात टाकू नका. जोडणी प्लसकडून मायनसकडेच मोजतात.

तिसरी, कारखानदारांना. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मराठीत चार ओळींचा कागद चिकटवा. ह्या यंत्राचे सेन्सर प्लस देणारे आहेत की मायनस देणारे, इनपुटचा कॉमन कशाला जोडला आहे, आउटपुट कसं आहे, झिरो अर्थला आहे की नाही. गणपतीचा फोटो लावता त्याच्या शेजारी जागा असते. लिंबू-मिरचीपेक्षा हा कागद स्वस्त पडेल, आणि दर शनिवारी बदलावाही लागणार नाही.

विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी पंपानं उचलून कालव्यात सोडतात. त्या कालव्यावर दारं धरणाऱ्या शेतकऱ्याला कुणी पाण्याची व्याख्या विचारत नाही. पाणी कुठून येतं, कुठं वळवायचं आणि पाट फुटला तर कुणाच्या शेतात जाईल, हे त्याला अंधारातही सांगता येतं. त्याचंच पोरगं आयटीआयत जातं तेव्हा बापाचं हे शहाणपण दाराबाहेर ठेवून ये असं आपण त्याला का सांगतो? बघा, पटतंय का. आणि तुमच्यापैकी कुणी आयटीआयत शिकवत असेल, तर उद्याच्या तासाला रंग पाठ करून घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: करंट कुठून निघाला आणि कुठं चाललाय?